तिसरा ठोकळा

मेण गोठलं की पातं लावायचं.
तीन मायक्रॉन. पेजेवर साय धरते ना,
तिच्याहून कितीतरी पातळ.
कोमट पाण्यावर फीत तरंगते,
ती काचेने उचलायची, श्वास रोखून.
एकवीस वर्षं करते मी हे, टिळकवाडीच्या लॅबमध्ये.
नावं वाचत नाही. नंबर वाचते.

परवा वाचलं.
भरमाण्णा, येळ्ळूर, वय एकसष्ट.
माझ्या मामाच्या शेताला लागून त्याचा बांध.
बियाण्यासाठी लोंबी न् लोंबी डोळ्यांशी धरणारा,
एक दाणा दाताखाली फोडून वास घेणारा,
आणि मग, "ही ठेव," म्हणणारा भरमाण्णा.

त्याचे तीन ठोकळे माझ्यासमोर.
पहिला आतड्याचा, गेल्या वर्षीचा.
दुसरा यकृताचा. तिसराही यकृताचाच,
पण आठ सलाईनींनंतरचा.
रंग चढवला की तिघे सारखेच,
जांभळे ठिपके, गुलाबी रान.

जनुकांचा अहवाल बेंगळुरूहून यायला चोवीस दिवस लागले.
एक चूक तिन्हींत होती, मूळ पेशीची.
तिथून फाटे.
दुसऱ्यात जे आहे ते तिसऱ्यात नाही.
तिसऱ्यात जे माजलंय ते पहिल्यातही होतं,
हजारात एखादी पेशी, कोपऱ्यात,
कुणाच्या खिजगणतीत नसलेली.
औषधाने तिला जन्म दिला नाही.
फक्त तिचा शेजार मोकळा केला.

डॉक्टर हुबळीचे. कन्नडात सांगत होते,
भरमाण्णा मराठीत हुंकार देत होता,
दोघांचंही कुठे अडलं नाही.
कागद द्यायला गेलेली मी दारातच थांबले.
"म्हंजे रानभात की हो," तो म्हणाला.
"बायका भांगलाय बसल्या की येगळं दिसंल ते उपटत्यात.
लाल देठाचं गेलं, उच्च वाढलेलं गेलं.
भातागत दिसूलालं तेवढं ऱ्हायलं,
त्याचंच बी पडलं.
माझा आज्जा बांधावरनं वळखायचा.
मला आता लोंबी येऊस्तर कळत नाही.
भांगलणाऱ्यांनीच शिकिवलं बघा त्याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

शिकवलं नाही, भरमाण्णा, असं ओठांवर आलं होतं.
कुणी शिकत नाही तिथे.
चुकत राहतात नुसत्या,
आणि एखादी चूक त्या दिवशीच्या हवेला मानवते.
पण हे कुणाला सांगायचं,
आणि कशासाठी?

आमच्या भागात सीमा हा भाषणातला शब्द.
लॅबमध्ये ती काळी शाई असते,
कापलेल्या मांसाच्या कडेला लावलेली.
शाईपर्यंत पेशी पोचल्या का, एवढंच बघायचं.
पहिल्या ठोकळ्यात पोचल्या नव्हत्या.
मीच पट्टी धरून मोजलं होतं, चार मिलिमीटर.
त्या दिवशी मी डबा पोटभर खाल्ला होता.

जाताना त्याने मला ओळखलं.
"काय करूलीस गे हितं?"
"कापते," म्हटलं.
"काय?"
गप्प बसले.
तो हसला. पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली,
जुन्या बासमतीचं बी, मूठभर,
आता येळ्ळुरात फक्त त्याच्याकडे उरलेलं.
"सगळ्यांनी एकच जात लावली की एकाच रोगानं सगळं झोपतंय.
हे जरा येगळं हाय. असू दे."

वेगळं असणं.
त्याच्या शेताला तेच तारणार होतं,
आणि त्याच्या यकृतात तेच

कपाटात ठोकळे लावून ठेवले, नंबरवार.
मेणातले, दहा वर्षं जपायचे, नियमच आहे.
पुरचुंडी त्यांच्या शेजारी ठेवली,
मग लगेच काढली.
बी इतकं थांबत नाही.
दोन पावसाळे, फार तर तीन.
मी राहते तिसऱ्या मजल्यावर.
मामाला फोन लावला,
विचारलं, बांधाकडचा तुकडा रिकामा आहे का.